लॅटिन वस्तीची कहाणी

पॅरिसमधून वाहणाऱ्या सीन नदीच्या डाव्या तीरावर एक टेकडी आहे. तिच्या उतारावरील वस्तीला ‘लॅटिन वस्ती’ म्हणतात. रोमन काळच्या स्नानगृहाचे अवशेष तेथे आजही उभे आहेत. पण नावाचे मूळ निराळे आहे. मध्ययुगात इंग्रज, जर्मन, इटालियन विद्यार्थी येथे जमत आणि त्यांना बांधणारी भाषा एकच, ती लॅटिन. काशीत द्रविड व मैथिल पंडितांचा वाद संस्कृतात चाले, तसाच हा प्रकार.

त्या विद्यापीठाला प्रारंभी स्वतःची इमारत नव्हती. गुरू भाड्याच्या खोलीत शिकवीत, शिष्य जमिनीवर पसरलेल्या गवतावर बसत. तेथल्या एका गल्लीला या गवतावरूनच नाव पडले.

मग या विद्यापीठाचे बळ कशात होते? १२२९ साली एका गुत्त्यात दारूच्या पैशांवरून विद्यार्थ्यांचे भांडण जुंपले. दंगल झाली आणि शहराच्या शिपायांनी काही विद्यार्थ्यांना ठार केले. गुरुजनांनी पाठ बंद केले आणि गुरुशिष्य तूलूझ, आँजे, ऑक्सफर्ड अशा गावी निघून गेले. दोन वर्षांनी, १२३१ साली, पोप नववा ग्रेगरी याने पाठ बंद ठेवण्याचा त्यांचा हक्कच मान्य केला! ज्याला भिंती नाहीत, त्याला उठून जाता येते. हेच ते बळ.

भिंती पुढे आल्या. १२५७ च्या सुमारास रोबेर द सोर्बोन याने धर्मशास्त्राच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी निवासशाळा काढली. जगप्रसिद्ध सोर्बोन ती हीच. राज्यक्रांतीत, १७९३ साली, जुने विद्यापीठच बंद झाले, तरी वस्तीचा स्वभाव गेला नाही. १९०६ मध्ये सोर्बोनच्या व्यासपीठावर मादाम क्यूरी ही पहिली स्त्री प्राध्यापक उभी राहिली. मे १९६८ मध्ये पोलीस सोर्बोनच्या आवारात शिरले आणि विद्यार्थ्यांनी रस्त्यातले दगड उपटून अडसर रचले. त्यानंतर विद्यापीठाचे तेरा तुकडे झाले.

या वस्तीशी आपलेही एक नाते आहे. झ्यूल ब्लोक या पंडिताचा मराठी भाषेच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० साली पॅरिसात निघाला, आणि पुढे याच वस्तीतील ‘कोलेज द फ्रान्स’मध्ये तो संस्कृतचा अध्यापक झाला.

आज तेथे घरे इतकी महाग आहेत की गरीब विद्यार्थ्याला खोली परवडत नाही. ज्यांच्यासाठी रोबेरने दार उघडले, तेच बाहेर राहिले, तर उरेल ते केवळ नाव. विद्येची वस्ती दगडांनी वसत नाही, ती ऐकणाऱ्यांनी वसते. श्रोतेहो, आपण येथे बसलात, एवढ्यानेही ती वसते.