एरंडेल आणि इसबगोल

इंदापूर तालुक्यातील निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावांत एरंड मुद्दाम लावावा लागत नाही. तो बांधावर आपसूक उगवतो. चरकसंहितेच्या काळापासून विरेचनासाठी सांगितलेले त्याचे तेल मागच्या पिढ्यांतील मुलांनी नाक दाबून घेतले आहे. ते पोटात नेमके काय करते, हे मात्र २०१२ साली उलगडले. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की आतड्यात तेलातून रिसिनोलेइक आम्ल सुटते, ते स्नायूंवरील ‘ईपी३’ या ग्राहीला जोडले जाते आणि स्नायू आकुंचन पावतात. गर्भाशयातही हीच ग्राही असते. म्हणूनच गरोदर स्त्रीला एरंडेल धोक्याचे.

इसबगोलाची तऱ्हा निराळी. नाव फारसी, अर्थ ‘घोड्याचा कान’, बीच्या आकारावरून पडलेले. त्याचा भुसा स्नायूंना डिवचत नाही, पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ ठेवतो. वर्गात पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून पाहावे. रोजच्या बद्धकोष्ठासाठी आम्ही याच्याच बाजूचे. पण पाणी भरपूर हवे, नाहीतर तो घशातच फुगून अडकतो.

पोटात दुखत असताना मात्र दोन्ही नकोत. दुखणे आंत्रपुच्छाचे असेल, तर रेचकाने ते फुटण्याचा धोका वाढतो.