शुल्क मोजावें तें कशावर?

भिवंडींत कापड विणण्याची मजुरी मीटरमागें ठरते. तें कापड पुढें कितीस विकलें, याशीं तिचा संबंध नाहीं. त्याच गांवच्या गोदामांतून जाणाऱ्या मोबाईल फोनांचा न्याय निराळा. बिनतारी शोधांच्या स्वामित्वशुल्कासाठीं स्वीडनच्या एरिक्सननें २०१३ सालीं मायक्रोमॅक्सला दिल्ली उच्च न्यायालयांत खेंचलें. शुल्क मागितलें अख्ख्या फोनच्या किंमतीवर. स्पर्धा आयोगानें त्याच वर्षीं साधा हिशेब मांडिला: चिप तीच, पण शेंकडा सव्वा दरानें १०० रुपयांच्या फोनास सव्वा रुपया पडे, १,००० च्या फोनास साडेबारा. शिवाय बोलणीं गुप्ततेच्या कराराखालीं. शेजाऱ्यास काय दर पडला, हें कळावें कसें? आम्हांस हा आक्षेप रास्त वाटतो. लाव्हाच्या खटल्यांत मात्र न्यायालयानें चिपेवर शुल्क मोजण्याचें म्हणणें नाकारिलें, आणि २८ मार्च २०२४ रोजीं तिजवर सुमारें २४४ कोटी रुपयांची भरपाई बसविली, तीहि फोनच्या विक्रीवरच मोजून.