मॅक म्हणजे मुलगा, मग मुलीचं काय?



मागे आमच्या गटांच्या बाया पापड-कुरडया घेऊन शहरातल्या प्रदर्शनाला गेल्या होत्या. माल खपला, सगळ्या खुशीत होत्या. येताना हायवेला गाडी थांबली. समोर मॅकडोनाल्डची मोठी पाटी. एका मावशींनी विचारलं, "हे नाव कशाचं गं? गावाचं का देवाचं?" आम्ही म्हटलं, "मावशी, आडनाव आहे ते." त्यावर मावशी म्हणाल्या, "मग त्याचा अर्थ काय? आणि कुठल्या लोकांचं?" आम्ही गप्प! घरी आल्यावर आम्ही वाचून काढलं. वाचताना त्यात बायकांच्या नावाची गोष्ट सापडली. तीच आज तुम्हाला सांगतो.

हे आडनाव मूळचं स्कॉटलंडचं. स्कॉटलंड म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख. त्याच्या पश्चिमेला समुद्रात शेकडो बेटं आहेत. तिथल्या लोकांची जुनी भाषा गेलिक. त्या भाषेत 'मॅक' म्हणजे मुलगा. डोनाल्ड हे पुरुषाचं नाव. दोन जुन्या शब्दांपासून ते झालं, एकाचा अर्थ जग आणि दुसऱ्याचा अर्थ राज्य करणं. म्हणजे जगावर राज्य करणारा. आपल्याकडचा जगदीश म्हणा ना! तर मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. कुणी 'मॅक' पूर्ण लिहितं, कुणी आखूड करून लिहितं, अर्थ एकच.

हा डोनाल्ड कोण? या बेटांवर सोमरलेड नावाचा एक बलाढ्य सरदार होता. तो 1164 साली लढाईत मारला गेला. त्याचा नातू डोनाल्ड. आता आपण नाव कसं लिहितो? आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मधलं नाव प्रत्येक पिढीला बदलतं. तिकडे 'मॅक' तसंच बदलायचं. डोनाल्डचा मुलगा अँगस, तो अँगस मॅकडोनाल्ड. अँगसचा मुलगा अलेक्झांडर, तो मॅक अँगस. पण डोनाल्डचं घराणं मोठं झालं, बेटांचं राज्य त्यांच्याकडे आलं, आणि मग पुढच्या पिढ्यांनी मॅकडोनाल्ड हेच नाव कायम धरलं. 1493 साली स्कॉटलंडच्या राजानं त्यांचं राज्यपद काढून घेतलं. राज्य गेलं, नाव राहिलं.

एका माणसाचं नाव एवढ्या लोकांना कसं लागलं? सगळे काही त्याच्या रक्ताचे नव्हते. सरदाराच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या आसऱ्याला आलेले कितीतरी लोक त्याचंच नाव लावू लागले. नाव लावलं की पाठीशी घराणं उभं. त्यामुळं मॅक लागणाऱ्या आडनावांत हे सगळ्यात मोठं झालं. काही गावांत तर इतके मॅकडोनाल्ड झाले, की ओळख पटायला प्रत्येकाला टोपणनाव ठेवावं लागलं. आपल्याकडे अर्धा गाव पाटील असला की 'वरच्या आळीचे', 'विहिरीवाले' म्हणतो ना, अगदी तसं. पुढे जमीनदारांनी मेंढरं पाळण्यासाठी कुळांना जमिनीवरून हुसकलं. ती माणसं बोटीनं कॅनडाला, अमेरिकेला गेली. आडनावही त्यांच्याबरोबर गेलं. 1867 साली कॅनडाचे पहिले पंतप्रधान झाले ते जॉन मॅकडोनाल्ड स्कॉटलंडमध्येच जन्मलेले.

आता मुद्द्याची गोष्ट. मॅक म्हणजे मुलगा, मग मुलीचं काय? ती कुणाचा मुलगा कशी होईल? गेलिक भाषेनं त्याची सोय केली होती. मुलीच्या नावापुढे 'मॅक' नाही, 'निक' लागतं. निक म्हणजे त्या घराण्याची लेक. फ्लोरा मॅकडोनाल्ड नावाची एक बाई तिकडे फार प्रसिद्ध आहे. 1746 साली लढाई हरलेला एक राजपुत्र जीव वाचवत फिरत होता. त्याला पकडणाऱ्याला तीस हजार पौंडांचं बक्षीस होतं. चोवीस वर्षांच्या फ्लोरानं त्याला मोलकरणीचे कपडे घातले आणि होडीतून दुसऱ्या बेटावर पोचवलं. त्यापायी तिला कैद झाली, पण ती डगमगली नाही. तिच्या भाषेत तिच्या नावात 'निक' आहे. इंग्रजी पुस्तकांनी मात्र तिलाही 'मॅक' लावलं. एवढी धीराची बाई, कागदावर डोनाल्डचा मुलगा होऊन बसली!

स्कॉटलंडची आणखी एक रीत आम्हाला आवडली. तिथं लग्न झालं तरी बाई कागदोपत्री माहेरचं आडनाव सोडत नसे. जुन्या थडग्यांवर नवऱ्याचं आडनाव एक आणि बायकोचं दुसरं, असं कोरलेलं दिसतं. नवऱ्याचं नाव लावायची इंग्रजी पद्धत तिथं नंतर पसरली. 1855 पासून तिथं जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्या नोंदीत बापाच्या नावाबरोबर आईचं नाव, तेही माहेरच्या आडनावासकट लिहायचं ठरलं.

आईच्या नावावरून एका माणसाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांचा आपल्या पुण्याशीही संबंध आहे. 1866 साली स्कॉटलंडच्या एका लहान गावात एक मुलगा जन्मला. आई अ‍ॅन रॅमसे घरकाम करणारी, बाप मॅकडोनाल्ड शेतमजूर. दोघांचं लग्न झालं नव्हतं. आई आणि आजीनं त्याला वाढवलं. मोठेपणी त्यांनी आईचं आणि बापाचं, दोन्ही नावं लावली. तेच रॅमसे मॅकडोनाल्ड. 1915 साली त्यांना बदनाम करायला एका मासिकानं त्यांचा जन्मदाखला छापला. आईचं लग्न झालं नव्हतं हे जगाला दाखवायला! पण त्यानं ते संपले नाहीत. 1924 साली ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले, मजूर पक्षाचे पहिले. 1932 साली पुन्हा पंतप्रधान असताना त्यांनी अस्पृश्य समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण केलं, आणि 24 सप्टेंबर 1932 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर पुणे करार झाला. आपण शाळेत शिकलो त्या करारामागचं हे नाव, आणि त्या नावात एका मोलकरणीचं आडनाव आहे.

आता मावशींची पाटी. ते हॉटेल अमेरिकेत 1940 साली दोन मॅकडोनाल्ड भावांनी सुरू केलं. त्यांचे आईबाप आयर्लंडहून आलेले. आयर्लंडलाही गेलिकच बोलत, आणि ते या बेटांच्या समोरच आहे, म्हणून हे आडनाव तिथंही आहे. 1961 साली भावांनी धंदा 27 लाख डॉलरला विकला. त्यात नावही गेलं. स्वतःच्या पहिल्या दुकानावरची स्वतःच्या आडनावाची पाटी त्यांना उतरवावी लागली!

हे सगळं आम्ही गटाच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा एक ताई हळूच म्हणाल्या, "माझी पण पाटी उतरलीच की." त्यांचं कर्ज चार महिने अडकलं होतं. आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं, रेशनकार्डावर तिसरंच. बाई एक, नावं तीन. आणि चूक कुणाची? नाव बदलताना त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव आलं आहे. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगलं झालं. पण आपलं काय? सासरचं नाव लावायचं का माहेरचं, हे जिनं तिनं ठरवावं. फक्त ठरवावं आपण, आणि जे ठरेल ते सगळ्या कागदांवर एकसारखं असावं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला आधार, पासबुक आणि रेशनकार्ड घेऊन या. एकमेकींची नावं अक्षर लावून वाचा, चुकलेलं वहीत लिहा, आणि दुरुस्तीला दोघी-तिघी मिळून जा. एकटीनं गेलं की उद्या या म्हणतात, चार जणी गेल्या की काम होतं. आणि हजेरी घेताना प्रत्येकीनं आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं, आईच्या नावासकट.