अंगठा आणि संमति

मुरबाडहून पूर्वेकडे निघालेली वाट सह्याद्रीच्या पायथ्याशीं पोंचली, कीं कड्यांमधील एक खिंड नजरेस पडते. तोच नाणेघाट. सातवाहनांच्या काळापासून कोंकणांतील बंदरें आणि जुन्नरची पेठ यांच्यामधील माल या वाटेनें चढत-उतरत असे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचें नाणें त्यांत पडत असे, असें परंपरा सांगते. परंपरेंतील तपशील कसाहि असो, तिच्यामागील न्याय स्पष्ट आहे. व्यापाऱ्यानें दुसऱ्याच्या हद्दींत पाऊल टाकण्यापूर्वीं थांबावें, स्वतःची ओळख द्यावी, आणि मगच आंत यावें. गांवांत शिरलेला फेरीवालाहि अंगणांतूनच हांक देई. घरधनिणीनें "नको" म्हटलें, कीं गाठोडें उचलून पुढच्या दाराशीं जाई.

आज त्याच मुरबाडांत आणि शेजारच्या शहापुरांत व्यापारी अंगणांत थांबत नाहीं. तो मोबाइलच्या वाटेनें थेट माजघरांत येतो. कर्ज घ्या, विमा उतरवा, अमुक ॲप बसवून घ्या, असे संदेश भातलावणीच्या चिखलांत उभ्या असलेल्या माणसाच्या खिशांत वाजतात आणि आसनगांवच्या फलाटावर लोकलची वाट पाहणाऱ्याच्याहि खिशांत वाजतात. त्याला आंत कोणीं बोलावलें? "तुम्हींच, तुम्हीं संमति दिली होती," असें त्याचें उत्तर असतें. ही संमति केव्हां दिली आणि कशास दिली, हें मात्र देणाऱ्यास पुष्कळदां ठाऊक नसतें. प्रश्न नवा वाटतो. परंतु त्याचा इतिहास याच डोंगराच्या दोन्ही अंगांस जुना आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानें संमतीचा अर्थ थोडक्यांत सांगितला. दोन माणसें एकाच गोष्टीस एकाच अर्थानें मान्यता देतील, तेव्हां ती संमति. ती मोकळीहि असली पाहिजे. धाक, गैरवाजवी दाब, फसवणूक, खोटें निवेदन किंवा चूक यांतून ती निघतां कामा नये. मौन म्हणजे संमति नव्हे, हेंहि इंग्लंडांतील न्यायालयानें १८६२ मध्यें फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या खटल्यांत ठरविलें होतें. एका काकानें पुतण्यास कळविलें होतें, कीं घोड्याविषयीं तुझें कांहीं उत्तर आलें नाहीं, तर ठरल्या किंमतीस घोडा माझा झाला असें मी धरून चालेन. पुतण्यानें उत्तर धाडलें नाहीं. न्यायालयानें म्हटलें, अशा मौनानें करार होत नाहीं. "मौनं संमतिलक्षणम्" हें वचन लग्नघरांत शोभतें. बाजारांत तें चालत नाहीं.

परंतु ज्याला लिहितां येत नाहीं त्याची संमति कशी ओळखावी? १८५८ मध्यें बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई नांवाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या मालाच्या करारावर सबंध पंजाचा ठसा घेतला. या ठशाचा हेतु लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कोनाईस कराराचीं कलमें समजलीं कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं तो घेतलेला नव्हता; पुढें त्यानें सही नाकारूं नये, यासाठीं घेतला होता. येथूनच अंगठ्याचा दुहेरी इतिहास सुरू होतो. ठसा माणूस ओळखतो. माणसाला काय समजलें, हें तो सांगत नाहीं. पण कागद ज्याच्या पेटींत असतो, तो या दोन गोष्टी एकच आहेत असें दाखवीत राहतो.

याचा परिणाम घाटावर उघड झाला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. हें लोण पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरलें, आणि बहुतेक ठिकाणीं लोकांनीं सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरावरच हात टाकला, कर्जरोखे जाळले. सरकारनें चौकशीस आयोग नेमला, आणि त्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. त्यानें गांवोगांवीं रोखे नोंदणारे ग्रामनिबंधक नेमण्याची योजना केली. शेतकऱ्याचा रोखा या निबंधकासमोरच लिहावयाचा, त्यानें तो मोठ्यानें वाचून दाखवावयाचा, शेतकऱ्यास अर्थ समजल्याची खात्री करून घ्यावयाची, आणि मगच सही किंवा निशाणी घ्यावयाची. संमति म्हणजे निशाणी नव्हे, समज होय, असें येथें कायद्यानें प्रथमच व्यवहाराच्या भाषेंत सांगितलें. सावकारांनीं पळवाटा काढल्या. गहाणाऐवजीं खरेदीखतें लिहून घेण्याचा प्रघात वाढला. तरीहि तत्त्व कागदावर आलें, तें पुसलें गेलें नाहीं.

हा कायदा आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावरील जुन्नर तालुका त्याच्या छायेंत आला, आणि पायथ्याचा मुरबाड व पलीकडील शहापूर हे ठाणें जिल्ह्यांत असल्यामुळें बाहेर राहिले. घाटाखालच्या कातकरी, ठाकूर व वारली कुटुंबांचा व्यवहार पुष्कळसा तोंडीच असे. १९३५ च्या कायद्यान्वयें शहापूर तालुका 'अंशतः वगळलेल्या' प्रदेशांत घातला गेला, आणि त्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्यानें अशा प्रदेशांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली. कर्ज आणि वेठ यांचें त्यांतील चित्र विदारक आहे. ठाणें जिल्ह्यांत 'लग्नगडी' हा शब्द रूढ होता. लग्नासाठीं शेंपन्नास रुपये उचलणारा तरुण ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबण्याचें कबूल करी. मग त्याची बायकोहि राबे, हिशेब सावकाराकडे राही, आणि कर्ज फिटत नसे. तरुणानें होकार दिला होता, हें खरें. पण तो होकार एका लग्नापुरता होता. त्यावर सबंध आयुष्याची इमारत दुसऱ्यानेंच उभी केली. वेठबिगारीची ही पद्धति देशभर कायद्यानें रद्द व्हावयास १९७६ साल उजाडावें लागलें.

या सर्व इतिहासानें तीन गोष्टी शिकविल्या. मौन म्हणजे होकार नव्हे; खूण म्हणजे समज नव्हे; आणि एका कामासाठीं दिलेला होकार दुसऱ्या कामास चालत नाहीं. विद्युत्-संदेशांचें युग आलें तेव्हां हे तीनही धडे जगास पुन्हां पहिल्यापासून गिरवावे लागले.

३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनीं सुमारें चारशें लोकांना एकाच वेळीं जाहिरातीचें विद्युत्-पत्र धाडलें. कोणीहि तें मागितलेलें नव्हतें. पुढें अशा पत्रांचा पूर आला, तेव्हां कायद्यापुढें दोन मार्ग होते. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानें, घेणारा "नको" म्हणेपर्यंत पाठविण्यास मुभा दिली. युरोपनें २००२ मध्यें सामान्यतः आधीं संमति घेण्याचा नियम केला. आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजीं तेथील न्यायालयानें असेंहि ठरविलें, कीं आधींच खूण केलेली चौकट समोर ठेवून ती पुसली नाहीं म्हणून मिळालेली संमति ही संमतीच नव्हे. पुतण्याच्या घोड्याचा न्याय दीडशें वर्षांनीं संगणकास लागू झाला.

कॅनडाचा कायदा याहून पुढें गेला. व्यापारी संदेशांविषयींचा त्याचा भाग १ जुलै २०१४ पासून, आणि दुसऱ्याच्या संगणकावर सॉफ्टवेअर बसविण्याविषयींचा भाग १५ जानेवारी २०१५ पासून अंमलांत आला. सॉफ्टवेअर काय करणार, हें बसविण्यापूर्वींच साध्या शब्दांत सांगितलें पाहिजे. तें खासगी माहिती गोळा करणार असेल किंवा यंत्राची मांडणी बदलणार असेल, तर तें लांबलचक करारपत्रांत न दडवितां वेगळें काढून दाखविलें पाहिजे. आणि संमति मिळाली होती हें सिद्ध करण्याचा भार संमति सांगणाऱ्यावर आहे. सावकाराच्या पेटींतील कागदाचें वजन येथें उलटें झालें.

भारतांत २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें, मालकाच्या परवानगीवांचून त्याच्या संगणकांत घातक प्रणाली शिरविणाऱ्यास भरपाईचा जबाबदार धरलें. पुढें अप्रामाणिकपणें केलेलें असें कृत्य शिक्षापात्र गुन्हाहि झालें. व्यापारी संदेशांबाबत दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २००७ मध्यें नियम केले, पण त्यांत 'नको' म्हणण्याचें ओझें ग्राहकावरच होतें; ज्यानें नांव नोंदविलें नाहीं, त्याचें मौन व्यापाऱ्याच्या पदरांत पडे. २०१० आणि २०१८ च्या नियमांनीं पाठविणाऱ्याची नोंदणी, दिलेल्या संमतीची नोंद, ती परत घेण्याची सोय आणि १९०९ या क्रमांकावर तक्रार, असा क्रम बसवीत आणला.

मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या ॲपांनीं तर जुना सावकार नव्या वेषांत उभा केला. कर्ज घेणाऱ्याच्या मोबाइलमधील नातेवाइकांचे व स्नेह्यांचे क्रमांक उचलावयाचे, आणि हप्ता चुकला कीं त्या सर्वांपुढें त्याची अब्रू काढावयाची, अशी वसुलीची रीत देशांत अनेक ठिकाणीं उघडकीस आली. होकार कर्जापुरता होता. तो घेऊन सोयऱ्याधायऱ्यांची यादी नेली गेली. लग्नगड्याच्या होकाराचेंच हें नवें रूप. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०२२ मध्यें अशा ॲपांना क्रमांकांच्या यादीस हात लावण्याची मनाई केली, आणि जरुरीपुरतीच माहिती, तीहि स्पष्ट संमतीनें, घेण्याचें बंधन घातलें.

११ ऑगस्ट २०२३ रोजीं राष्ट्रपतींची मान्यता मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत हे सर्व धागे एकत्र आले. संमति मोकळी, विवक्षित कामापुरती, समजून दिलेली आणि स्पष्ट कृतीनें व्यक्त झालेली असावी; ती देणें जितकें सोपें, तितकेंच परत घेणेंहि सोपें असावें; ती मिळाल्याचा पुरावा घेणाऱ्यानें द्यावा. संमतीची विनंति इंग्रजींत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील बावीस भाषांपैकीं कोणत्याहि भाषेंत वाचण्याची सोय हवी. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि मुख्य कर्तव्यें लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली.

मराठी त्या बाविसांत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. शहापूरच्या पाड्यांवर घरांत बोलली जाणारी वारली किंवा कातकरी बोली मात्र त्यांत नाहीं. शिवाय भाषा ओळखीची असली, तरी पांच पानांची सूचना कोण वाचणार? मुंबई-ठाण्याच्या सुशिक्षित घरांतहि बोट सरळ "मान्य आहे" या शब्दांवरच जातें. हर्शेलच्या कागदावरील पंजा आणि कांचेवरील हें बोट यांत या दृष्टीनें फारसें अंतर नाहीं.

१८७९ च्या कायद्यानें बारीक अक्षरांतील कागदावर भिस्त ठेवली नव्हती. एक जिवंत माणूस समोर बसवून, त्याच्याकडून रोखा मोठ्यानें वाचवून घेण्याची त्यानें तजवीज केली होती. आजच्या कायद्यानें अधिकार पुष्कळ दिले आहेत, पण ती जागा रिकामी आहे. ती तूर्त घरांतील जाणत्या मुलीनें, शाळेंतील गुरुजींनीं किंवा ग्रामसभेनें भरून काढावयाची आहे. पाड्यावरील म्हाताऱ्यानें कांचेवर बोट टेकण्यापूर्वीं कोणी तरी त्याला त्याच्या बोलींत सांगावें, कीं हें काय मागतें, कशासाठीं मागतें, आणि नको म्हटलें तर काय होतें. एवढें झालें, म्हणजे त्याच्या बोटाच्या खुणेस संमति हें नांव शोभेल.