शेणाचा लेप आणि सफरचंदाचा व्रण

सरकारनं पैसे मोजून एका औषधाची कृती घ्यावी आणि ती निघावी शेणाची! अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात हे खरोखरच घडलं.

सफरचंदाला 'कँकर' नावाचा रोग होतो. फांदीची साल खोलगट होऊन तडकते, व्रण चरत जातो. त्यानं फांदीला पुरता वेढा घातला की पुढचा भाग वाळलाच म्हणून समजा. आपल्या लिंबावरच्या खैऱ्यालाही इंग्रजीत कँकरच म्हणतात. पण तो जिवाणूंचा रोग, हा निराळा.

यावर उपाय सापडल्याचं सांगितलं विल्यम फॉर्साइथ यांनी. ते केन्सिंग्टनच्या राजबागेचे प्रमुख होते. ताजं शेण, जुन्या घरांच्या पडझडीतला चुना, लाकडाची राख आणि थोडी वाळू, असा त्यांचा लेप. १७९१ साली त्यांनी कृती प्रसिद्ध केली. सरकारकडून १५०० पौंड मिळाले. पोकळ झालेले ओक वृक्षही लेपानं भरून येतात, असा त्यांचा दावा होता. आणि आरमाराला तर ओकाचं लाकूड हवंच होतं!

१८०२ साली हेरफर्डशरच्या टॉमस अँड्र्यू नाइट यांनी या लेपाविषयी जाहीर शंका घेतली. त्यांचं मत असं, की एका जातीची सगळी कलमं म्हणजे एकाच मूळ झाडाची अंगं. मूळ झाडाचं आयुष्य सरलं की सारी जातच म्हातारी होते, आणि कँकर हे त्या म्हातारपणाचं लक्षण. 'गोल्डन पिपिन' ही जात त्यांनी अशीच मरणपंथाला लावली होती. ती आजही जिवंत आहे! दुसऱ्याची चूक दाखवणारा स्वतः बरोबर असतोच असं नाही.

खरं कारण कळलं १८८०च्या सुमारास. जर्मनीत रुडॉल्फ गोएटे आणि रॉबर्ट हार्टिग यांनी नेक्ट्रिया नावाच्या बुरशीवर बोट ठेवलं. पावसाच्या पाण्याबरोबर तिचे बीजाणू पसरतात, आणि पान गळाल्याच्या खुणेतून किंवा छाटणीच्या जखमेतून आत शिरतात.

मग फॉर्साइथांची काही झाडं सुधारली असतील, तर ती कशानं? लेपाआधी ते रोगट भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढीत. गुण आला सुरीचा, नाव झालं शेणाचं. आजचे बागाइतदारही रोगट फांदी कोरड्या हवेत कापतात आणि जाळून टाकतात.