खाडे

आमच्या गावच्या देवळाच्या पायऱ्यांवर पाट्या आहेत. "ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांचेकडून" आणि खाली देणगीदारांची नावं. शाळेच्या भिंतीवर तीच पाटी, विहिरीच्या कठड्यावरही तीच. यंदा शिमग्याला आलेल्या नातवाने विचारलं, "आजी, गाव इथे आणि मंडळ मुंबईत, हे कसं काय?" मी एका वाक्यात उत्तर द्यायला गेले आणि अडकले. शिक्षकाची खोड, दुसरं काय! म्हणून हा लेख.

मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली ती १८५४ च्या सुमारास, कावसजी दावर यांची, ताडदेवला. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरची माणसं तिकडे धावली. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतल्या शंभर माणसांपैकी ऐंशीहून जास्त माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती, आणि हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे अर्ध्या शहराचा संसार गावाला. त्यांनी झोपायचं कुठे, जेवायचं कुठे? सरकारने १९२० नंतर बीडीडी चाळी बांधल्या, १६० चौरस फुटांची एकेक खोली. पण येणाऱ्यांच्या मानाने त्या किती पुरणार!

मग लोकांनी आपली सोय आपणच केली. गावाने मिळून एक खोली घ्यायची. घाटावरचे लोक तिला गाळा म्हणत, आम्ही नुसतं खोली म्हणायचो. आमच्या गावाची खोली लालबागला होती. माझे वडील तिथे पस्तीस वर्षं राहिले. राहिले म्हणजे काय, भिंतीकडेला एक ट्रंक, खुंटीवर एक सदरा आणि वळकटी. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. पंचवीस-तीस माणसं एका खोलीत मावायची ती अशी, पाळीपाळीने. दरमहा वर्गणी, महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक. गावाहून नवा पोरगा आला तर काम लागेपर्यंत त्याच्याकडून वर्गणी घ्यायची नाही. कोणी आजारी पडला तर फंडातून तिकीट काढून गावी पोचवायचा. दारू पिऊन आलेल्याला ती रात्र बाहेर गॅलरीत. हे नियम कुठल्या कायद्यात नव्हते. एका वहीत होते, आणि ती वही देवाच्या तसबिरीमागे असायची. देवळाच्या पाट्यांचं मूळ म्हणजे ही वही. शिल्लक उरली की ती गावाकडे यायची.

आणखी एक नियम होता. खोलीत बाईमाणूस राहणार नाही.

हा नियम मला ठाऊक आहे, कारण १९६१ साली आईला तपासायला मुंबईला नेलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आम्ही खोलीत राहू शकलो नाही. वडिलांनी आम्हा दोघींना खानावळवाल्या मावशींकडे ठेवलं. मावशी सख्ख्या नव्हेत, साताऱ्याकडच्या. नवरा गिरणीत होता, छातीच्या दुखण्याने घरी बसला, तेव्हा त्यांनी माणसं जेवायला धरली. दहा बाय दहाची खोली, त्यात वीस जेवणारे, आणि रात्री त्याच जमिनीवर मावशी, त्यांचा नवरा, तीन मुलं आणि आम्ही दोघी.

मावशी पहाटे तीनला उठायच्या. भोंगा व्हायच्या आत पहिल्या पाळीच्या भाकऱ्या व्हायला हव्यात. मी पीठ चाळायला बसायचे. दाराजवळ खिळ्याला एक वही टांगलेली असे. मावशींना अक्षर येत नव्हतं, पण माणसागणिक एक ओळ आणि जेवला नाही त्या दिवशी आडवी रेघ. त्याला खाडा म्हणायचे. महिन्याच्या पैशातून खाडे वजा. पगार झाला की माणसं मावशींना पैसे देणार, मग मावशी वाण्याला देणार. तोवर सगळं उधारीवर. मध्ये कमी पडलं तर सावकार, त्याचं व्याज मावशींचं. खोलीतल्या माणसांना मंडळ होतं, फंड होता. मावशींना काय होतं?

पूर्वी गिरण्यांतही बायका पुष्कळ होत्या, पाचात एक तरी. १९२९ च्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागू लागला, यंत्रंही बदलली, आणि मालकांनी हळूहळू बायका घेणं कमी केलं. मग कितीतरी जणी पोळपाट-लाटण्याकडे वळल्या. त्यांना कामगार म्हणून कुणी मोजलं नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खानावळवाल्यांचे गट करून राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यातल्या काहीजणी सावकाराच्या हातून सुटल्या. आमच्या मावशीही त्यात गेल्या. असो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. कितीतरी गावी परतले. वडील थांबले, आज मिटेल उद्या मिटेल करत. पगार नाही, पण जेवण चालू होतं. मावशींनी कुणाचंच ताट बंद केलं नाही. वर्षअखेरीस वडील गावी आले ते कायमचे, आणि मुंबईचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

१९९१ मध्ये ते गेले. त्यांच्या ट्रंकेत एक पाठपोट वही सापडली. "खानावळ, देणे, फेब्रुवारी ते डिसेंबर, रु. १३१०." नऊ वर्षं ते हे मनात घेऊन अंगणात बसत होते. गावच्या नव्या सभामंडपाला मात्र एकशे एक रुपये दिले होते. पाटीवर नाव आहे.

मे महिन्याच्या सुटीत मी पैसे घेऊन गेले. मावशी त्याच चाळीत होत्या, डोळ्यांना कमी दिसत होतं. खानावळ बंद झालेली. मी पैसे पुढे केले. मला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी नातीला फळीवरची वही काढायला सांगितली, पान सापडेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "गणपतीला गावाला गेलेले सोळा दिवस. तुझ्या बापाने खाडे धरलेच नाहीत." चार रुपयांप्रमाणे चौसष्ट रुपये माझ्या हातात परत दिले. उरलेले बाराशे सेहेचाळीस दोनदा मोजून नातीकडून ती ओळ खोडून घेतली.

मग वही माझ्याकडे सरकवली. "तुमच्या गावची अजून अकरा माणसं आहेत. वाच. त्यातली जिवंत कोण कोण, सांग."

मी पाटीच्या कागदावर नावं उतरवून घेतली. सहाजण जिवंत होते. शेवटच्या रविवारी देवळात बैठक होती, तिथे तो कागद वाचला. तिघांनी त्याच महिन्यात पैसे आणून दिले. एकाने वर्षभराने, भाताच्या पैशातून. दोघे माझ्याशी बोलेनासे झाले. त्यातल्या एकाचं नाव तिसऱ्या पायरीवर आहे, नातवाला मी परवा तेच वाचून दाखवत होते.