अखंड विजेची कथा

दिवा विझला म्हणजे माणूस चांचपडत काडेपेटी शोधतो, आणि तोंवर कांहीं बिघडत नाहीं. टेबलावरच्या संगणकाला तेवढी सवड नसते. भिंतींतील वीज तुटल्यावर भर कामांत तो सेकंदाचा सुमारें साठावा भाग कसाबसा तग धरतो. तेवढ्यांत दुसरीकडून वीज मिळाली नाहीं, तर तासभर बसून लिहिलेलें, पण जतन करावयाचें राहिलेलें लिखाण कायमचें नाहींसें होतें. या साठाव्या भागाचा बंदोबस्त करणारें जें यंत्र, त्यास बाजारांत यू.पी.एस. म्हणतात. तें घेतांना बहुतेक गिऱ्हाइकें किंमत पाहतात. फार तर बॅटरी किती वेळ चालेल, एवढें विचारतात. या यंत्राचें आपल्या संगणकाशीं जमेल कीं नाहीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. तो प्रश्न उत्पन्न कसा झाला, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

वीज सांठविण्याचें साधन १८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें सिद्ध केलें. शिशाचे दोन पत्रे मध्यें अंतर राखून गुंडाळावयाचे आणि सौम्य गंधकाम्लांत बुडवावयाचे, एवढीच त्याची युक्ति. पण रिकामा झाल्यावर वीज घालून पुन्हां भरतां येणारा व्यवहारोपयोगी घट तो पहिलाच. १८८१ सालीं कामीय फोर यानें पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देण्याची रीत काढली आणि घटाची धारणशक्ति पुष्कळ वाढली. आजच्या यू.पी.एस.च्या पोटांतील काळा जड ठोकळा बहुधा याच कुळांतला असतो. १९५७ सालीं जर्मनींत ऑटो याखे यांनीं आंतलें अम्ल खळीसारखें घट्ट करून दाखविलें. पुढें तें कांचतंतूंच्या गादींत मुरवून ठेवण्याची रीत निघाली. अम्ल सांडण्याची भीति गेली, म्हणूनच अशी बॅटरी घरांत पायांपाशीं ठेवतां येते.

पण बॅटरी जवळ असणें निराळें आणि खंड न पडतां वीज मिळणें निराळें. १९३४ सालीं अमेरिकेंत जॉन हॅनली यास एका यंत्राचें पेटंट मिळालें. न चुकणारा व न तुटणारा वीजपुरवठा, हे शब्द त्या यंत्राच्या नांवांतच आहेत. १९५० नंतर खोलीभर पसरलेले संगणक आले, तेव्हां त्यांच्यासाठीं पुष्कळ ठिकाणीं मोटरीनें जनित्र फिरवीत आणि आंसाला एक जड चाक जोडीत. काठी काढल्यावरहि कुंभाराचें चाक फिरत राहतें, त्याप्रमाणें वीज गेली तरी तें चाक कांहीं क्षण वेळ मारून नेई. घरांत असलें धूड कोण ठेवणार?

ऑगस्ट १९८१ मध्यें आय.बी.एम.चा घरगुती आकाराचा संगणक निघाला. त्याचा वीज देणारा डबा अवघा ६३.५ वॅटचा होता. या डब्याला आपल्याकडे एस.एम.पी.एस. म्हणतात. भिंतींतील वीज सेकंदांत पन्नास वेळां लाटेसारखी वरखालीं होते; संगणकाच्या आंतल्या भागांना मात्र सपाट, एकदिश प्रवाह लागतो. जुन्या डब्याची रीत मोठी अधाशी होती. लाट माथ्यावर आली कीं चटकन् एक घोट घ्यावयाचा, तो संधारित्रांत भरून ठेवावयाचा आणि पुढचा माथा येईपर्यंत त्यावर निभवावयाचें. माथ्याशीं कारण, बाकीची लाट वांकडी कीं सरळ, याची त्याला पर्वा नसे.

यू.पी.एस. बनविणारांनीं हें नेमकें हेरलें. बॅटरींतून गोल, गुळगुळीत लाट घडविणें महाग पडतें. पायऱ्यांची चौकोनी लाट स्वस्तांत होते. २३० व्होल्टांच्या खऱ्या लाटेचा माथा सुमारें ३२५ व्होल्टांवर असतो. पायरी तेवढी उंच ठेवली कीं डब्याला फरक कळत नाहीं. हें लटकें नाणें वीस वर्षें बिनतक्रार चाललें.

खोटें उघडें पडलें तें दुसऱ्याच कारणानें. एकेका कचेरींत शेंकडों संगणक झाले आणि सगळे एकाच क्षणीं, माथ्यावरच, घोट घेऊं लागले. तीन तारांतून जाणारे प्रवाह समाईक तारेंत एकमेकांना खोडून काढतात, असा जुना हिशेब. या तुटक घोटांचा कांहीं भाग तेथें खोडला न जातां सांचूं लागला आणि ती तार तापूं लागली. तेव्हां युरोपांत १ जानेवारी २००१ पासून ७५ वॅटहून अधिक वीज घेणाऱ्या अशा यंत्रांना नियम लागू झाला कीं, वीज लाटेच्या चालीनेंच घेतली पाहिजे. २००४ सालीं निघालेल्या ‘८० प्लस’ या प्रमाणपत्रानेंहि तीच अट घातली. नव्या डब्यांत त्यासाठीं लाटेच्या मागोमाग चालणारी योजना बसविली गेली.

अशा डब्यासमोर पायऱ्यांची लाट आली म्हणजे त्याची त्रेधा उडते. सपाटीवर कांहींच मिळत नाहीं, मग एकदम भिंत उभी राहते. त्यांतच भिंतींतील वीज सोडून बॅटरी हातीं घेण्यास यू.पी.एस.ला चार ते दहा सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यांत संधारित्र उतरलेलें असतें. तें भरून काढण्यास डबा एकदम मोठा घांस घेतो, आणि यू.पी.एस. त्यास अतिभार समजून स्वतःच बंद पडतो. प्रत्येक जोडीचें असें होतें असें नव्हे. हलक्या कामांत पुष्कळ जोड्या निभावतात आणि भर कामांत दगा देतात. अशा वेळीं दोन्ही यंत्रें तपासावयास नेलीं तर दोन्ही निर्दोष ठरतात, आणि गिऱ्हाइकाला दोन दुकानांचे खेटे मात्र पडतात! नव्या संगणकाला शुद्ध गोल लाटेचाच यू.पी.एस. घ्यावा, थोडे पैसे अधिक गेले तरी हरकत नाहीं.

आंकड्यांची फसगत वेगळीच. खोक्यावर ६०० व्ही.ए. ठळक छापलेलें असतें. वॅटचा आंकडा बारीक, आणि तो पुष्कळदां ३६० च असतो. संगणकाची भूक मोजावयाची ती वॅटमध्यें. शिवाय १८९७ सालीं पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, घट जितका घाईनें उपसावा तितकें कमी पदरांत पडतें. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरींत कागदावर ८४ वॅट-तास. दोनशें वॅटच्या संगणकाला पंचवीस मिनिटें पुरतील, असें कोणीहि म्हणेल. पण तो आंकडा वीस तासांच्या संथ उपशाचा. प्रत्यक्षांत दहा मिनिटांच्या आसपास आटोपतें.

महाराष्ट्रांत २००० नंतरच्या दशकांत भारनियमनानें घरोघरीं इन्व्हर्टर आणले, आणि कित्येकांनीं संगणकहि त्यालाच जोडला. पंख्यादिव्यांसाठीं केलेला इन्व्हर्टर बदल करण्यास संगणकाला सोसेल त्याहून अधिक वेळ घेतो. म्हणून कित्येकांच्या पाठीवर ‘यू.पी.एस.’ अशी वेगळी कळ असते, ती वळवावी लागते. चौकोनी लाटेवर पंखा घरघर करतो, त्यावरून ती ओळखतां येते. संगणक कांहींच न बोलतां बंद पडतो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईची वीज एकाएकीं गेली. साथीमुळें असंख्य माणसें घरूनच काम करीत होतीं. मुंबई विद्यापीठाला त्या दिवसाच्या ऑनलाइन परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. पुष्कळ घरीं लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू होते, पण भिंतीवरचा राउटर विझल्यामुळें ते मुके झाले होते. राउटरला लागते अवघी दहाबारा वॅट वीज. ज्या बॅटरीवर मोठा संगणक दहा मिनिटें चालतो, तिच्यावर तो एकटा दोन तास तरी निघतो, आणि यू.पी.एस.च्या पाठीमागें दुसरी जागा बहुधा रिकामीच असते.